टोकनांच्या ओळीतून सिंटॅक्स ट्री : फंक्शनल भाषेतील पार्सिंगची प्रस्तावना

प्रोग्रामचा मजकूर कंपायलरच्या हाती येतो तेव्हा ती नुसती अक्षरांची सलग ओळ असते. कंस कुठे मिटतो, गुणाकार आधी की वजाबाकी आधी, कोणती क्रिया कोणाच्या पोटात आहे, यातले काहीच त्या ओळीत उघड लिहिलेले नसते. ते दोन टप्प्यांत शोधावे लागते. पहिल्या टप्प्यात अक्षरे जुळवून नावे, संख्या आणि खुणा वेगळ्या काढतात. या तुकड्यांना टोकन म्हणतात आणि हे काम लेक्सर करतो. दुसऱ्या टप्प्यात टोकनांच्या ओळीवरून सिंटॅक्स ट्री बांधली जाते. ते काम पार्सरचे. टाइप तपासणे, चुका दाखवणे, यंत्राला कळेल असा कोड तयार करणे ही पुढची सगळी कामे या ट्रीवर चालतात. ट्री चुकली, तर पुढे कितीही काळजी घेतली तरी उत्तर चुकतेच.

उदाहरणासाठी गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला लांब जावे लागत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. सरकारी खरेदीतले धान भरडाईसाठी मिलकडे जाते आणि अरवा तांदळाच्या बाबतीत १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ परत यावा असा हिशेब धरतात. हा हिशेब एका छोट्या भाषेत असा लिहिता येईल:

तांदूळ = (धान - कचरा) * ६७ / १००

धान २१० क्विंटल आणि कचरा १० क्विंटल असेल तर उत्तर १३४ येते. आता यातले दोन कंस काढून टाकले तर उरते 'धान - कचरा * ६७ / १००' आणि उत्तर येते २०३.३. दोनशे दहा क्विंटल धानातून दोनशेहून जास्त क्विंटल तांदूळ निघत नाही, हे मिलचा मुनीम कागद न घेता सांगेल. संगणक मात्र ते सांगू शकत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही ओळी शुद्ध आहेत, फक्त त्यांच्या ट्री वेगळ्या आहेत. पहिलीच्या मुळाशी भागाकार आहे, त्याच्या डाव्या फांदीवर गुणाकार, आणि गुणाकाराच्या डाव्या फांदीवर धान व कचरा यांची वजाबाकी. दुसरीच्या मुळाशी वजाबाकी आहे. तिच्या डावीकडे एकटे धान आणि उजवीकडे उरलेले सगळे. पहिल्या ओळीत कंस होते, पण तिच्या ट्रीत ते कुठेच दिसत नाहीत. आकार ठरवून दिला की कंसाचे काम संपते. ॲब्स्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्री म्हणतात ती हीच: लिहिण्याच्या सोयीसाठी आलेल्या खुणा गाळून उरलेली रचना.

पार्सरकडे वळण्याआधी लेक्सरबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण देवनागरीत लिहिणाऱ्याची पहिली गाठ इथेच बसते. पाठ्यपुस्तकांत लेक्सर दोन-तीन पानांत संपतो: अक्षर दिसले की नाव सुरू, अक्षरे संपली की नाव संपले. हास्केल या फंक्शनल, म्हणजे फंक्शने जोडून प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेत 'हे अक्षर आहे का' असे विचारणारे 'इज-अल्फा' नावाचे तयार फंक्शन आहे. ते 'ध'ला हो म्हणते, पण 'ा'ला नाही म्हणते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. परिणामी 'धान' हा शब्द 'ध'पाशीच तुटतो आणि काना अनोळखी खूण म्हणून बाहेर पडतो. उपाय सोपा आहे: नावाचे पहिले चिन्ह अक्षर असावे, आणि पुढची चिन्हे अक्षर किंवा जोडचिन्ह यांपैकी काहीही चालतील, असा नियम लिहायचा. जोडचिन्ह ओळखणारे 'इज-मार्क' हे फंक्शनही हास्केलच्या त्याच ग्रंथालयात, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहात आहे.

अंकांचेही तसेच. 'इज-डिजिट' फक्त 0 ते 9 या इंग्रजी अंकांना ओळखते. '६७' लिहिले तर ती संख्या मानत नाही. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक ओळीने येतात, म्हणून क्रमांकातून २४०६ वजा केले की अंकाची किंमत हाती येते. हे एका ओळीत होते, पण ती ओळ आपणच लिहावी लागते.

तिसरी अडचण खास मराठीची आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक जोडणारे चिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. लेक्सरच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. शिवाय ते जोडणारे चिन्ह ना अक्षरांत मोडते ना जोडचिन्हांत, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलेला शब्द मध्येच तुटतो. एका ठिकाणी किंमत दिलेले नाव दुसऱ्या ठिकाणी 'अज्ञात' ठरले, तर मराठीत प्रोग्राम लिहिणाऱ्याने सर्वांत आधी इथे पाहावे. दोन्ही रूपे लेक्सरमध्येच एका रूपात आणून ठेवणे हा त्यावरचा खात्रीचा इलाज.

टोकने नीट मिळाली की व्याकरण लागते. प्रोग्रामिंग भाषेचे व्याकरण नियमांच्या यादीने लिहिण्याची पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ साली मांडली आणि १९६०च्या अल्गॉल अहवालात पीटर नाऊर यांनी ती रूढ केली. तिला बॅकस-नाऊर पद्धत म्हणतात. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी तिला पाणिनीचे नाव द्यावे असे सुचवले होते. ही सूचना भारतात आवडीने सांगितली जाते, पण साम्य नेमके कशात आहे हे सांगायचे बहुधा राहून जाते. साम्य नियम लिहिण्याच्या तंत्रात आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे नियम शब्दरूपे सिद्ध करतात, तर पार्सर आयत्या मिळालेल्या ओळीवरून ती कोणत्या नियमांनी घडली हे उलट शोधतो. हे उलटे शोधणे हाच पार्सिंगचा अवघड भाग आहे.

वरच्या हिशेबी भाषेचे व्याकरण तीन नियमांत मावते:

पदावली : एक पद, त्यापुढे शून्य किंवा अधिक वेळा (+ किंवा -) आणि पद
पद : एक घटक, त्यापुढे शून्य किंवा अधिक वेळा (* किंवा /) आणि घटक
घटक : संख्या, किंवा नाव, किंवा कंसातली पदावली

गुणाकार बेरजेच्या आधी करायचा, असे इथे कुठेही वेगळे सांगितलेले नाही. नियमांच्या पायऱ्यांतून ते आपोआप येते: पद हे पदावलीच्या पोटात आहे, म्हणून गुणाकार ट्रीत खाली जातो आणि आधी सोडवला जातो. हा अग्रक्रम निसर्गाने दिलेला नाही, भाषा रचणाऱ्याने ठरवलेला असतो. एक्सेलच्या खान्यात उणे दोनचा वर्ग थेट लिहिला तर उत्तर ४ येते. तीच पदावली हास्केलमध्ये उणे ४ देते. दोन्ही ठिकाणी पार्सर आपापल्या व्याकरणाप्रमाणे बरोबर चालला आहे.

फंक्शनल भाषेचे बळ इथून दिसू लागते. सी किंवा जावात सिंटॅक्स ट्री लिहायची तर स्ट्रक्चर, पॉइंटर, क्लास आणि त्यांची उतरंड उभारावी लागते. एमएल घराण्यातील भाषांत, म्हणजे ओकॅमल, हास्केल, एफ-शार्प यांत, ट्रीचा प्रकार व्याकरणासारखाच लिहिला जातो:

ट्री = संख्या (किंमत)
 किंवा नाव (शब्द)
 किंवा क्रिया (खूण, डावी ट्री, उजवी ट्री)

या तीन ओळी जवळजवळ तशाच्या तशा प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये येतात. अशा प्रकारांना अल्जिब्राइक डेटा टाइप म्हणतात. रॉबिन मिल्नर आणि सहकाऱ्यांची एमएल १९७०च्या दशकात एडिंबरो विद्यापीठात जन्मली आणि तिथेच १९८० साली आलेल्या 'होप' या भाषेने हे प्रकार आजच्या रूपाला आणले. ट्रीवर काम करणारे फंक्शन प्रत्येक शक्यतेसाठी एक शाखा लिहिते. याला पॅटर्न मॅचिंग म्हणतात. उद्या भाषेत टक्केवारीची नवी रचना घातली आणि एखाद्या फंक्शनमध्ये तिची शाखा राहून गेली, तर सूचना चालू ठेवलेली असल्यास कंपायलर तसे सांगतो. भाषा वाढत जाते तसा या एका सोयीने किती वेळ वाचतो, ते मोठा पार्सर सांभाळणाऱ्यालाच कळते. लिस्पचा मार्ग याहून वेगळा आहे. १९५८ पासूनच्या या भाषेत प्रोग्रामर कंस देत देत स्वतःच ट्री लिहितो, त्यामुळे पार्सरला फारसे काम उरत नाही.

आता पार्सर. फंक्शनल भाषेत पार्सर हे एक साधे फंक्शन असते: टोकनांची यादी घेते, यश आले तर तयार झालेली ट्री आणि न वापरलेली उरलेली यादी अशी जोडी देते, नाहीतर चूक कळवते. व्याकरणाच्या प्रत्येक नियमासाठी असे एक फंक्शन लिहायचे. वरची तांदळाची ओळ घेऊन, '='च्या उजवीकडच्या भागावर ते कसे चालते हे पाहावे.

'पदावली' काम 'पद'कडे सोपवते आणि 'पद' ते 'घटक'कडे. 'घटक'ला यादीच्या तोंडाशी उघडणारा कंस दिसतो. तो बाजूला काढून ते उरलेल्या यादीवर पुन्हा 'पदावली'ला बोलावते. ही आतली पदावली 'पद'मार्फत 'धान' घेते. पुढे वजाबाकीची खूण आहे. तिच्याशी 'पद'चा संबंध नाही, म्हणून ते थांबते. पदावलीचा मात्र आहे, म्हणून ती खूण उचलून पुढचे पद मागते आणि तिला 'कचरा' मिळतो. त्यानंतर मिटणारा कंस येतो. तो ना बेरीज ना वजाबाकी, म्हणून आतली पदावली आपली वजाबाकीची ट्री आणि मिटणाऱ्या कंसापासूनची यादी परत देते. बाहेर थांबलेले 'घटक' कंस मिटल्याची खात्री करून ट्री वर पाठवते. आता 'पद' जागे होते: गुणाकार आणि ६७, भागाकार आणि १००. यादी रिकामी होते आणि पूर्ण ट्री हातात येते. कंस मिटलाच नसता तर चूक नेमकी याच 'घटक'मध्ये सापडली असती आणि 'या ओळीत उघडलेला कंस मिटलेला नाही' असा मराठी संदेश तिथल्या तिथे देता आला असता.

या सगळ्या प्रवासात कोणत्याही चलाची किंमत बदललेली नाही. सीमध्ये असा पार्सर लिहिताना 'आपण कितव्या टोकनवर आहोत' हे एका चलात ठेवून पुढे सरकवतात, आणि एखादी वाट चुकली तर ते चल आठवणीने मागे आणावे लागते. ते विसरणे हा नवशिक्याचा नेहमीचा दोष. फंक्शनल भाषेत जुनी यादी जशीच्या तशी हाताशी असते; दुसरी वाट धरायची तर तीच यादी दुसऱ्या फंक्शनला द्यायची, एवढेच.

एक खाचखळगा मात्र इथेही टळत नाही. 'पदावली म्हणजे पदावली, वजाबाकीची खूण आणि पद' असा नियम लिहिला तर फंक्शन एकही टोकन न घेता स्वतःलाच बोलावत राहते आणि कधीच संपत नाही. हे टाळायला नियम उलटा करून 'पद, वजाबाकीची खूण आणि पदावली' असा लिहिला, तर फंक्शन संपते पण ट्री उजवीकडे कलते. गोदामात १०० पोती होती, २० गेली, मग ५ गेली, तर ७५ उरायला हवीत. उजवीकडे कललेली ट्री आधी २० मधून ५ वजा करते आणि ८५ सांगते. म्हणूनच वरच्या व्याकरणात 'शून्य किंवा अधिक वेळा' अशी रचना आहे. सगळी पदे आधी गोळा करायची आणि मग डावीकडून एकेक जोडत यायचे. हे जोडण्याचे काम 'फोल्ड' नावाचे फंक्शन करते आणि ते प्रत्येक फंक्शनल भाषेत तयार मिळते. हे उदाहरण प्रत्येकाने एकदा स्वतः चुकवून पाहावे इतके ते महत्त्वाचे आहे.

पार्सर हे फंक्शन आहे, तर दोन पार्सर घेऊन तिसरा देणारी फंक्शनेही लिहिता येतील. 'हा, आणि मग तो', 'हा, नाहीतर तो', 'हा अनेकदा' अशा जोडणाऱ्या फंक्शनांना पार्सर कॉम्बिनेटर म्हणतात. विल्यम बर्ज यांच्या १९७५च्या पुस्तकात ही कल्पना आहे. १९८५ साली फिलिप वॅडलर यांनी पार्सरने सगळ्या यशांची यादी द्यावी असे सुचवले: यादी रिकामी म्हणजे अपयश, एकाहून जास्त उत्तरे म्हणजे व्याकरण संदिग्ध. १९९० साली हास्केल आली. ग्रॅहम हटन आणि एरिक मायर यांच्या १९९६ व १९९८ च्या लेखांनी ही पद्धत मोनाडच्या, म्हणजे एकामागून एक पायऱ्या जोडण्याच्या सर्वसाधारण रचनेच्या, चौकटीत बसवली. २००१ च्या सुमारास डान लायेन यांच्या 'पारसेक' या ग्रंथालयामुळे ती रोजच्या कामात आली. कॉम्बिनेटरने लिहिलेला पार्सर व्याकरणासारखाच दिसतो. व्याकरण कागदावर आणि कोड यंत्रात अशी फारकत राहत नाही, आणि शिकणाऱ्यासाठी हाच सर्वांत मोठा लाभ आहे.

याला किंमतही आहे. प्रत्येक ठिकाणी मागे फिरण्याची मुभा दिली तर काही व्याकरणांत वेळ घातांकी वाढतो. पारसेकमध्ये म्हणूनच असा नियम आहे की पहिल्या पर्यायाने एखादे टोकन खाल्ले आणि मग तो चुकला, तर दुसरा पर्याय पाहिलाच जात नाही. पाहायचा असेल तर 'ट्राय' असे मुद्दाम लिहावे लागते. नवीन विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. ब्रायन फोर्ड यांनी २००२ साली दुसरा मार्ग दाखवला. हास्केल एखादी किंमत लागेपर्यंत ती काढत नाही आणि एकदा काढली की जपून ठेवते. या स्वभावाचा उपयोग करून त्यांनी मागे फिरणारा पार्सरही ओळीच्या लांबीच्या प्रमाणात वेळ घेईल असे करून दाखवले. त्यासाठी संगणकाची मेमरी मात्र जास्त लागते.

दुसरी मोठी परंपरा तक्त्यांची आहे. डोनाल्ड नुथ यांनी १९६५ साली मांडलेली एलआर पद्धत टोकने एका स्टॅकवर ठेवत जाते आणि वरच्या काही टोकनांचा नियम पूर्ण झाला की ती उचलून त्यांच्या जागी एकच नोड ठेवते. गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीसारखे, जे शेवटी ठेवले ते आधी निघते. 'याक'सारखी साधने व्याकरण वाचून हे तक्ते तयार करतात. फंक्शनल जगात हास्केलचे 'हॅपी' आणि ओकॅमलचे 'मेन्हिर' तेच करतात. हास्केलचा मुख्य कंपायलर स्वतःचा पार्सर हॅपीनेच बनवतो. उलट जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरने सी आणि सी प्लस प्लससाठीचे तक्त्यांचे पार्सर सोडून २००४ ते २००६ दरम्यान हाताने लिहिलेले रिकर्सिव्ह, म्हणजे वरच्यासारखे एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांचे पार्सर घेतले. तक्ता की हाताने लिहिलेली फंक्शने, हा वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही मार्ग माहीत असणे हेच शहाणपणाचे.

कंपायलरच्या अभ्यासाची महाराष्ट्रात जुनी आणि भक्कम परंपरा आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. धनंजय ढमढेरे यांची कंपायलर रचना आणि सिस्टिम्स प्रोग्रामिंग यांवरील पुस्तके देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वाचली गेली. तिथलेच प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अभ्यासासाठी केंद्र चालवले आणि अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह २००९ साली डेटा फ्लो ॲनालिसिसवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम मुख्यतः ट्री तयार झाल्यानंतरच्या टप्प्यांचे आहे. फंक्शनल भाषांचा प्रत्यक्ष वापरही भारतात वाढतो आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर ब्लूस्पेक भाषेत लिहिला गेला आणि त्या भाषेचा कंपायलर हास्केलमध्ये आहे. बंगळूरच्या जसपे कंपनीची पेमेंट प्रणालीही हास्केलवर चालते.

अभियांत्रिकीच्या वर्गात हा विषय 'कंपायलर' किंवा 'लँग्वेज प्रोसेसर' या नावाने येतो, आणि परीक्षेपुरता तो फर्स्ट-फॉलोचे संच (नियमाच्या सुरुवातीला आणि नंतर कोणती टोकने येऊ शकतात त्यांच्या याद्या) आणि एलआरचे तक्ते भरण्यात संपतो. तक्ते शिकायलाच हवेत. पण एकही पार्सर स्वतः न लिहिता तक्ता भरणारा विद्यार्थी तो कशासाठी भरतो आहे हे सांगू शकत नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा: आधी चाळीस-पन्नास ओळींचा चालता पार्सर, मग त्यामागचा सिद्धांत. गोंदिया, तिरोडा किंवा देवरीच्या विद्यार्थ्याला त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. हास्केल आणि ओकॅमल दोन्ही फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हास्केलचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे.

सराव करताना एक चाचणी सोडू नये. कोणतीही ट्री घेऊन ती पुरेसे कंस देत मजकूर म्हणून छापावी आणि तो मजकूर पुन्हा पार्स करावा. मूळचीच ट्री परत मिळायला हवी. क्लासेन आणि ह्यूज यांचे २००० सालचे 'क्विकचेक' हे साधन अशा शेकडो ट्री आपोआप तयार करून ही अट तपासते आणि हाताने सुचणार नाहीत अशा चुका पकडते. मराठी नावे वापरताना आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी: हास्केलमध्ये ट्रीच्या शाखांची नावे मोठ्या अक्षराने सुरू व्हावी लागतात, देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून ती नावे रोमन लिपीतच द्यावी लागतात. आपण ज्या भाषेसाठी पार्सर लिहितो ती मात्र संपूर्ण देवनागरीत ठेवायला काहीच आडकाठी नाही.

या विषयात उतरायला यादी, रिकर्शन आणि शाळेतले अंकगणित एवढी तयारी पुरते. मोनाड आणि ग्रंथालये नंतर आली तरी चालतात. वाचकाने पहिला पार्सर कोणतेही ग्रंथालय न घेता, वरच्या तीन नियमांवरून, स्वतः टाइप करून लिहावा.